व्हाइटवॉटर कयाकिंग शिकायचंय: मुंबईत राहून तयारी कशी करावी?

मासोळी

नमस्कार. नदीतलं, म्हणजे उसळत्या पाण्यातलं कयाकिंग अगदी पहिल्यापासून शिकायचं आहे आणि मुंबईत बसून त्याची काय तयारी करता येईल ते कळत नाहीये. इंग्रजीत व्हिडिओ भरपूर आहेत, पण ते सगळे आधीच बोटीत बसलेल्यांसाठी. कोलाडला राफ्टिंग करताना आमच्या पुढेमागे एक सेफ्टी कयाकर, म्हणजे एकट्याच्या लहान बोटीतला मदतनीस, होता. आम्ही आठजण गाईडच्या आरोळीवर वल्ही मारत होतो आणि तो एकटा रॅपिडच्या, म्हणजे उसळत्या पाण्याच्या टप्प्याच्या, ऐन मध्यावर लाटेवर बोट थांबवून आमची वाट बघत होता. ते पाणी त्याला समजत होतं आणि आम्हाला नव्हतं. मला ते समजून घ्यायचं आहे.

माझं वय ३६, राहते मुलुंडला, नोकरी अंधेरीला. तलावात न थांबता अर्धा तास पोहते, नदीत किंवा समुद्रात कधी पोहलेली नाही. सह्याद्रीत ट्रेक नियमित करते. डिसेंबरात आठवड्याची रजा मिळेल, तेव्हा ऋषिकेशला नवशिक्यांचा कोर्स करायचा विचार आहे. म्हणजे हातात चारेक महिने आहेत. जिम लावू का? बोट विकत घेऊ का? चष्मा आहे, त्याचं काय करतात? आणि सध्या बदलापूरकडे उल्हास दुथडी भरून वाहतेय, इतक्या जवळ एवढं पाणी असताना तिथे कुणासोबत सराव करता येईल का?

रोहेकर

मासोळीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तातडीचं आहे. पुरात उल्हासमध्ये उतरू नका. कयाक घेऊन नाही, टायरची ट्यूब घेऊन नाही, आणि कुणी "आमचा माणूस आहे सोबत" म्हणालं तरी नाही.

पूर आला की नदी मोठी होते एवढंच होत नाही, तिची रचनाच बदलते. एरवी दगडांच्या मागे थांबायला जागा असतात, त्या बुडून जातात. पाणी काठ सोडून झाडांत शिरतं. करंज, उंबर, बांबूची बेटं अर्धी पाण्यात उभी राहतात, आणि फांद्यांमधून पाणी जातं पण माणूस जात नाही. प्रवाह त्याला फांद्यांवर दाबून धरतो आणि मागून पाण्याचा जोर चालूच राहतो. कयाकिंगमध्ये याला स्ट्रेनर म्हणतात. वरून ते अगदी निरुपद्रवी दिसतं, नुसतं हिरवं झाड.

दुसरी गोष्ट बंधारे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात, तरी उंबरा आणि खांब असतातच, आणि बर्ग्यांच्या जागी पुराबरोबर आलेले ओंडके अडकलेले असतात. अखंड भिंतीवरून पाणी पडत असेल तर आणखी वाईट. वरच्या बाजूने बोटीतून येताना बंधारा दिसतच नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी तळाशी जातं, वर येतं आणि पृष्ठभागावरून परत भिंतीकडे ओढलं जातं. त्या चक्रात जे सापडेल ते तिथेच फिरत राहतं, लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा. नदीत दगडांवरून पाणी पडून आपोआप होणाऱ्या अशा चक्राला बहुतेक वेळा एखादी बाजू मोकळी असते, तिथून निसटता येतं. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सलग असतो. म्हणून चांगले मुरलेले कयाकरसुद्धा बंधाऱ्याआधी काठाला लागतात, बोट खांद्यावर घेतात आणि चालत पुढे जातात.

कोलाडच्या कुंडलिकेवर शिकवलं जातं ते वेगळ्या कारणाने. तिथलं पाणी धरणाचं आहे. मुळा नदीवर मुळशीला १९२० च्या दशकात धरण झालं आणि ते पाणी सह्याद्री उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात आणलं. जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते आमच्या रोह्यावरून अरबी समुद्राला मिळतं. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. त्यांची गावं पाण्याखाली गेली. कुंडलिकेवर खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

वीजगृह चाललं की पाणी सुटतं, बहुधा सकाळी. त्यामुळे एप्रिल-मेमध्येही रॅपिड असतात, आणि शिकणाऱ्याला रोज साधारण तेवढंच पाणी मिळतं. पण पाणी सुटायच्या आधी पात्र रिकामं दिसतं म्हणून खडकांवर डबे उघडून बसू नये. काही मिनिटांत तो खडक पाण्याखाली असतो. पाणी कधी येणार ते गावातल्या माणसाला विचारावं, त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि खाली डोलवहाळला बंधारा आहे, त्याच्या बरंच आधी काठाला लागायचं हे लक्षात ठेवा.

उलटपाणी

रोहेकरांनी लिहिलेलं वाचल्यानंतरच पुढचं वाचा.

मी गेली बरीच वर्षं कयाक चालवतो आणि नवख्यांना पाण्यात उतरवायला मदतही करतो. माझं मत असं की पहिल्या चार महिन्यांत एकाच गोष्टीवर वेळ घालवावा: पाण्याखाली उलटं असताना शांत राहणं. वल्ही मारणं कोर्समध्ये दोन दिवसांत जमायला लागतं, ताकद हळूहळू येते. उलटं झाल्यावर जो घाबरतो त्याचं शिकणं मात्र तिथेच थांबतं, कारण पुढचा प्रत्येक तास तो उलटू नये म्हणूनच बोट चालवतो. अंग आखडतं, कंबर हलत नाही, आणि कंबर हलली नाही की बोट आणखी लवकर उलटते.

काय होतं ते सविस्तर सांगतो. नदीतल्या कयाकमध्ये माणूस बोटीवर बसत नाही, बोटीत बसतो. मांड्या आतल्या टेकूंना लागलेल्या असतात, पावलं पुढच्या आधारावर, आणि कमरेभोवती घातलेला स्प्रे स्कर्ट कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या भोकाच्या, कडेवर ताणून बसवलेला असतो, म्हणजे पाणी आत येत नाही. बोट उलटली की तुम्ही डोकं खाली करून बोटीतच लटकता. नाकात पाणी जातं, दिशा कळत नाही, कानात घोंगावतं. इथे करायचं ते असं: सगळ्यात आधी पुढे वाकायचं, कपाळ डेककडे, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठाकडे. मागे रेललात तर चेहरा आणि खांदे दगडांच्या समोर येतात. मग दोन्ही हातांनी बोटीच्या तळावर जोरात तीनदा थापायचं, सोबत्यांना कळावं म्हणून आणि आपलंही डोकं थाऱ्यावर यावं म्हणून. मग कॉकपिटच्या कडेवरून हात पुढे सरकवत स्कर्टचा बंद शोधायचा, तो पुढच्या दिशेला ओढून सोडवायचा, दोन्ही हात नितंबांच्या बाजूला बोटीच्या कडेवर टेकवायचे आणि पँट उतरवावी तशी बोट अंगावरून उतरवायची. याला वेट एक्झिट म्हणतात. सगळं मिळून काही सेकंदांचं काम आहे, पण पहिल्यांदा ते सेकंद फार लांब वाटतात.

स्कर्ट लावताना तो बंद बाहेर राहिला आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपायचं. आत अडकला तर ओढायला काहीच राहत नाही. हे कोर्समध्ये सांगतातच, तरी आत्तापासून डोक्यात बसू दे.

आता बोट नसताना मुंबईत काय करता येईल? तलावात पाण्याखाली कोलांटी मारा, पुढे आणि मागे. नाकाने हळूहळू हवा सोडत राहिलात तर पाणी शिरत नाही. डोळे मिटून मारा, मग वर कुठे ते अंगाला कळायला लागतं. भिंतीच्या खाचेला धरून उलटं लटका आणि मनातल्या मनात स्कर्टच्या बंदाची सगळी क्रिया करा. नदीत माणूस दम लागलेल्या अवस्थेत पाण्याखाली जातो, म्हणून एक लांबी जोरात पोहून लगेच कोलांटी मारायचाही सराव करा. पण एकट्याने नको, लाइफगार्डला सांगून आणि सोबत कुणी बघत असतानाच. आणि बुडी मारण्याआधी मुद्दाम भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीव दबते आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. उत्तम पोहणारे असे गेले आहेत.

पोहणं तुमचं पुरेसं आहे. फक्त नदीतलं पोहणं वेगळं असतं. बोटीतून बाहेर पडलात की पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, आपल्या पायाची बोटं आपल्याला दिसली पाहिजेत. कितीही उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं की मागचं पाणी माणसाला पालथा पाडतं आणि मग गुडघाभर पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. नवशिक्यांना हे सांगून पटत नाही, कारण घाबरलेल्या माणसाची पहिली इच्छा पाय टेकवण्याची असते. दगडामागे शांत पाणी दिसलं की पोटावर वळायचं आणि जीव तोडून त्या दिशेला तिरकं पोहायचं. झाडात वाहत जात असाल तर नियम उलटा: पाय पुढे ठेवू नका, पोटावर वळून डोकं पुढे ठेवून झाडाकडे पोहत जा आणि हातांनी अंग वर उचलून त्यावर चढा.

दगडफूल

उत्तम प्रतिसाद. एकच वेगळं मत. मी रोल येईपर्यंत नदीत उतरायचंच नाही या मताची आहे. रोल म्हणजे उलटल्यावर बोटीतच बसून कंबरेच्या झटक्याने आणि पॅडलने पुन्हा सरळ होणं. मग प्रत्येक वेळी बोट सोडून पोहायला का लावायचं? प्रत्येक पोहण्यात धोका आहे, बोट वाहून जाते, पॅडल जातं, सोबतचे दमतात. ऑलिंपिकमध्ये पॅरिसला २०२४ साली कयाक क्रॉस हा प्रकार आला, त्यातसुद्धा प्रत्येकाला ठरलेल्या जागी पूर्ण रोल मारावाच लागतो. म्हणजे तो या खेळाचा पाया आहे.

उलटपाणी

दगडफूल, पाया आहे हे मान्य. पण तलावातला रोल आणि नदीतला रोल यांत खूप अंतर आहे. तलावात आपण ठरवून, श्वास भरून, आपल्या सोयीच्या बाजूला उलटतो. नदीत पाणी आपल्याला त्याच्या बाजूला उलटवतं. तलावात रोल बसला म्हणून सरळ अवघड रॅपिडमध्ये गेलेल्या लोकांचा पहिला रोल फसतो, दुसरा घाईत फसतो, आणि वेट एक्झिटचा सराव नसल्यामुळे तिसऱ्यापर्यंत छातीत धडकी भरलेली असते. माझ्या मते क्रम असा हवा: वेट एक्झिट, वाहत्या पाण्यातलं पोहणं, मग टी-रेस्क्यू, म्हणजे उलटं लटकलेलं असताना सोबत्याच्या बोटीचं टोक हाताला लागेपर्यंत थांबायचं आणि त्याला धरून कंबरेने सरळ व्हायचं. त्यातच रोलची अर्धी तयारी होते. रोल त्यानंतर, आणि तोवर पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या पाण्यात, खाली मोठं शांत डोह असेल अशाच ठिकाणी.

रॅपिडच्या श्रेणी एक (सगळ्यात सोपी) ते सहा (सगळ्यात अवघड) असतात हे मासोळीताईंना माहीत असेलच. तिसरीपासून रोल भरवशाचा नसेल तर जाऊ नये, इथे आपलं एकमत आहे.

दगडफूल

हो, एकमत आहे. डोहाची अट घातलीत तर क्रमाबद्दलही हरकत नाही. रोलबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, मासोळी: डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर यायला हवं. सगळं शरीर सांगतं की आधी डोकं वर काढ, श्वास घे. डोकं आधी वर आलं की कंबरेचा झटका वाया जातो आणि बोट परत उलटते. गाल खांद्याला चिकटवून, नजर पॅडलच्या पात्यावर ठेवायची. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले, कारण त्या बर्फगार पाण्यात बोटीबाहेर पडणं म्हणजे मरण. युरोपातल्या एका ऑस्ट्रियन माणसाने, पावलाटाने, १९२७ मध्ये रोल साध्य केला.

शुश्रूषा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, परळला काम करते. जिमबद्दल लिहिते.

या खेळात सर्वांत जास्त जपायचा तो खांदा. हात डोक्याच्या वर आणि मागे गेलेला असताना पॅडलवर पाण्याचा जोर आला तर खांदा निखळतो. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता वाढते, विशेषतः तरुण वयात. उपाय मुख्यतः सवयीचा आहे: कोपरं खाली आणि अंगाजवळ, हात कायम नजरेच्या टप्प्यात. मागे काही करायचं असेल तर हात मागे न्यायचा नाही, छातीसकट पूर्ण धड वळवायचं.

म्हणून जिममध्ये फक्त दंड आणि छाती करू नका. रोटेटर कफसाठी, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंसाठी, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, पाठीच्या वरच्या भागासाठी रोइंगची ओढ, आणि धडाचं वळणं. पॅडलची खरी ताकद धडाच्या वळण्यातून येते, हाताने ओढणारा अर्ध्या तासात थकतो. जमिनीवर पाय समोर पसरून ताठ बसून बघा. आपल्यातले बरेचजण ऑफिसच्या खुर्चीमुळे दोन मिनिटंही तसं बसू शकत नाहीत, मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असतात. कयाकमध्ये तासन्‌तास तसंच बसायचं असतं. पश्चिमोत्तानासन आणि रोजचे सूर्यनमस्कार इथे थेट उपयोगी आहेत. डावा-उजवा नितंब आळीपाळीने उचलता येणं, म्हणजे छाती स्थिर ठेवून फक्त कंबर हलवणं, हेही बसल्या बसल्या करता येतं. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही.

पावसाळ्यातल्या पाण्याबद्दल: लेप्टोस्पायरोसिस मुंबईत दर पावसाळ्यात असतो. जखम उघडी असेल तर साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यात उतरू नका, आणि पाण्यात जाऊन आल्यावर ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना पाण्याचा संपर्क झाल्याचं आवर्जून सांगा.

मासोळी

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. उल्हासचा विचार सोडला. तलावातल्या कोलांट्या काल सुरू केल्या, कोचना सांगून. नाकात पाणी जाऊन डोकं ठणकतंय. यावर काही उपाय? आणि बोटीचं व चष्म्याचं राहिलंच.

सह्यतरंग

नाकाला नोज क्लिप लावा, तलावात आणि कोर्समध्येही. ती दोरीने हेल्मेटला बांधून ठेवतात, नाहीतर पहिल्याच उलटण्यात जाते. पण मधूनमधून क्लिपशिवायही सराव असू द्या.

चष्म्याला मागून घट्ट बांधायची पट्टी मिळते. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्याखाली डोळे उघडलेत तर ती जाणारच, शिवाय नदीचं पाणी लेन्समागे राहून डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. जुना चष्मा पट्टी लावून वापरणं बरं.

बोट घेऊ नका. निदान वर्षभर नको. नदीची कयाक साधारण अडीच मीटर लांब आणि वीसेक किलोची असते. मुंबईच्या लिफ्टमध्ये ती उभी करून जेमतेम बसते, जिन्यात ठेवली तर सोसायटी नोटीस काढते, आणि लोकलच्या लगेज डब्यात कशी चढवणार? नवशिक्याला कुठली बोट जमेल हे चार वेगवेगळ्या बोटींत बसल्याशिवाय कळतही नाही. समुद्रकिनाऱ्यावर भाड्याने मिळते ती वर बसायची कयाक असते. वल्ही मारण्याचा सराव म्हणून ती ठीक आहे, पण तिच्यात स्कर्ट नाही, मांडीचे टेकू नाहीत, त्यामुळे नदीच्या बोटीची सवय तिच्यावर होत नाही.

पैसे घालायचेच असतील तर हेल्मेट आणि लाइफ जॅकेटवर घाला, कारण ही दोन्ही अंगाला नेमकी बसावी लागतात. हेल्मेट सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. कयाकिंगच्या हेल्मेटसाठी ईएन १३८५ हे युरोपीय मानक आहे, ते लिहिलेलं बघून घ्या. ते कपाळ झाकणारं हवं, मागे सरकणारं नको. जॅकेट ५० न्यूटन किंवा जास्त तरंगक्षमतेचं, बाजूच्या पट्ट्या आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर न सरकणारं. फेरीबोटीत टांगलेलं नारिंगी जाडजूड जॅकेट घालून पॅडल फिरवताच येत नाही. घोट्याला पक्के बसणारे, रबरी तळाचे बूट घ्या, सपाता चालत नाहीत. पॅडल नदीसाठी १९० ते २०० सेंटिमीटरच्या आसपास असतं, समुद्राचं त्याहून लांब. ते कोर्समध्ये मिळेल.

नीलमोहर

मला एक भर घालायची आहे. पाणी वाचणं शिकायला बोट लागत नाही. सध्या पावसाळा आहे, ट्रेकला जाताच आहात. ओढ्याच्या काठी सुरक्षित उंचीवर बसा आणि अर्धा तास नुसतं पाणी बघा.

प्रवाहात दगड असला की त्याच्यामागे पाणी उलट, वरच्या दिशेला सरकतं. ती एडी. दोन पाण्यांमध्ये एक सीमारेषा दिसते, तिथे बारीक भोवरे असतात. कयाकर याच एडीत थांबतो, दम घेतो, पुढचं बघतो. आणि एडीतून प्रवाहात येताना बोट उलटण्याचा सगळ्यात मोठा क्षण याच रेषेवर असतो, कारण बोटीचं पुढचं टोक खाली जाणाऱ्या पाण्यात जातं आणि मागचं अजून उलट्या पाण्यात असतं. तेव्हा ज्या दिशेला वळतोय त्या दिशेला बोट कलती करायची, म्हणजे वरून येणारं पाणी बोटीच्या कडेवर न चढता खालून निघून जातं. वरच्या कडेला झुकलात की संपलं. एक काडी टाकून ती रेषेवर कशी गरकन फिरते ते बघा, मग हे वाक्य कळेल.

दोन दगडांमधून पाणी जिथे गुळगुळीत होऊन खाली जातं तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. टोक खालच्या बाजूला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे, वरच्या बाजूला असेल तर तिथे पाण्याखाली दगड आहे.

आणि आकडे. बातम्यांत धरणातून इतके क्युसेक विसर्ग असं येतं. सुमारे ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला एक टन पाणी. वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. हे दोन आकडे लक्षात ठेवले की "गुडघाभरच तर पाणी आहे" असं कुणी म्हणत नाही.

माईआत्या

मासोळी, अगं मी काही कयाक चालवत नाही, पण माझा धाकटा चालवतो. घरच्यांना कसं सांगायचं हे तू लिहिलं नाहीस, तरी सांगते. माझ्या मुलाने मला एकदा सोबत नेलं. त्याची सगळी मंडळी पाण्यात उतरण्याआधी काठावर उभी राहून कोण कुठे थांबणार, दोरीची पिशवी कुणाकडे, शिट्टीचा अर्थ काय, हे बोलत होती. एका जागी पाणी बघून त्यांनी बोटी उचलल्या आणि चालत गेले. त्यांतल्या कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागत नाही असं नाही, पण माझा विश्वास बसला. "काही होत नाही गं" एवढ्याने कुठल्याच घरचा विश्वास बसत नाही. कुणासोबत जाणार, कुठे उतरणार, कुठे बाहेर पडणार, किती वाजता फोन करणार, हे लिहून दे घरी. आणि ज्या दिवशी तुझं मन नको म्हणेल त्या दिवशी काठावर बस.

उलटपाणी

माई, तुम्ही या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. चालत जाणं हे या खेळातलं पूर्ण मान्यतेचं कौशल्य आहे. मीही आजवर पुष्कळ रॅपिडच्या बाजूने बोट खांद्यावर घेऊन चाललो आहे, आणि अजूनही चालतो.

शिकवणारा कसा निवडायचा तेही लिहितो. त्याला विचारा, एका वेळी किती विद्यार्थी? चारपेक्षा जास्त असतील आणि तो एकटा असेल तर नको. पहिल्या दिवशी काय? संथ पाणी आणि वेट एक्झिट म्हणाला तर बरोबर. स्विफ्ट वॉटर रेस्क्यूचं (वाहत्या पाण्यातून वाचवण्याचं) आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी घेतलं? थ्रो बॅग त्याच्या अंगावर आहे की गाडीत? ही पंधरा-वीस मीटर दोरीची पिशवी गाडीत असून काही उपयोग नाही. त्याने फोनवर "काही नाही हो, बसायचं आणि जायचं" असं म्हटलं तर नम्रपणे फोन ठेवा.

ठिकाणांबद्दल. डिसेंबरात ऋषिकेशला गंगा स्वच्छ आणि पावसाळ्याच्या मानाने कमी असते, शिकायला चांगली, पण पाणी फार थंड. वेटसूट मिळेल याची खात्री करा, कारण थंडीने कुडकुडणारा माणूस दिवसातून दोनदा उलटायलाही तयार होत नाही आणि शिकणं तिथेच थांबतं. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ सेती नदीवर नवशिक्यांचे वर्ग चालतात, तिथलं पाणी त्या मानाने उबदार आहे. रजा थोडी जास्त मिळाली तर माझी पसंती तिला. केरळात कोझिकोडजवळ पावसाळ्यात मोठ्या स्पर्धा होतात, पण चालिपुळासारख्या त्या नद्या अरुंद आणि खड्या उताराच्या. तिथे सध्या काठावरून बघायला जा, खूप शिकायला मिळतं. स्लॅलममध्ये, म्हणजे टांगलेल्या खांबांच्या फाटकांमधून बोट नेण्याच्या शर्यतीत, रस वाटला तर नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेला राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा होतात.

मात्र थेट ऋषिकेशला जाण्याआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोलाडला दोन शनिवार-रविवार काढा, असा माझा आग्रह आहे. खालच्या संथ पाण्यात नदीच्या बोटीत बसून वेट एक्झिट करून घ्या. मग डिसेंबरचे पहिले दोन दिवस भीती घालवण्यात जाणार नाहीत, आणि आठवड्याच्या कोर्समध्ये दोन दिवस म्हणजे फार झाले.

रोहेकर

येण्याबद्दल: मुलुंडहून पनवेलला येऊन महाडकडे जाणारी एसटी धरा, कोलाड नाक्यावर उतरा. रेल्वेने यायचं तर रोह्यापर्यंत या, पुढे रिक्षा मिळते. पाणी सकाळी सुटतं, म्हणून शक्यतो आदल्या रात्री मुक्कामाला या. पहाटे निघून, हायवेवर अडकून, धावतपळत पाण्यात उतरणं नको.

मासोळी

ठरलं. जिमचा फॉर्म भरला नाही, रबरी पट्ट्या आणल्या आणि आसनं सुरू केली. बोट नाही घेत. हेल्मेट मापाने घेणार. कोलाडसाठी नोव्हेंबरातले दोन शनिवार-रविवार घरी कॅलेंडरवर लिहिले, माईआत्यांनी सांगितलेली यादी सासूबाईंना लिहून दिली. त्यांनी विचारलं, शिट्टीचा अर्थ काय? तो मलाच माहीत नव्हता. कुणी सांगेल का?

दगडफूल

एक लांब शिट्टी म्हणजे माझ्याकडे बघा. तीन म्हणजे संकट, मदत हवी. हाताच्या खुणा अशा: पॅडल उभं धरलं तर मधून या. एका बाजूला कललं तर त्या बाजूने या, खूण नेहमी जायच्या वाटेकडे करतात, धोक्याकडे कधीच नाही. आडवं धरलं तर थांबा. हाताने डोक्यावर थापलं तर मी ठीक आहे, आणि तीच खूण समोरच्याकडे बघून केली तर "तू ठीक आहेस का?" पण गटागटात थोडा फरक असतो, म्हणून प्रत्येक वेळी उतरण्याआधी काठावर ठरवून घ्यायचं.